ऐकणारी दुर्बीण

विज्ञानातील नवे शोध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परदेशातील प्रयोगशाळा उभ्या राहतात. वर्तमानपत्रातील बातमीही बहुधा अमेरिकेतून नाहीतर युरोपातून आलेली असते. परगावच्या पाहुण्याची विचारपूस करावी तितक्याच आस्थेने आपण ती वाचतो आणि पान उलटतो. त्यातून आपण पडलो कलाशाखेचे विद्यार्थी! दहावीनंतर गणिताला जो रामराम ठोकला तो कायमचाच. अशा स्थितीत आपल्या वार्षिक अंकात खगोलशास्त्रावर लेख लिहिण्याचे धाडस मी का करावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, गेल्या काही वर्षांतील अवकाशविषयक महत्त्वाच्या बातम्या मी जमविल्या, तेव्हा त्यांतील कितीतरी बातम्यांचा पत्ता आपल्या खडकीच्या शेजारचा निघाला. शेजारी काय चालले आहे याची माहिती असणे हा तर साधा शेजारधर्म होय.

खडकीचा शेजार

खडकीचे नाव इतिहासात आले ते युद्धामुळे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य आणि इंग्रज यांची गाठ येथे पडली. पुढे १८६९ साली येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि १९४० साली स्फोटकांचा. आपल्यापैकी अनेकांच्या घरची चूल या कारखान्यांच्या भोंग्यावर चालली. सैन्य, छावणी, कारखाने आणि रेल्वे अशा आवाजांत वाढलेले हे गाव आहे.

मात्र येथून जवळच गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, दोन संस्था शांतपणे आकाशाचा अभ्यास करीत आहेत. एक ‘आयुका’ हे आंतरविद्यापीठीय केंद्र. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने ते १९८८ मध्ये स्थापन झाले. दुसरे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र. या दुसऱ्या केंद्राची दुर्बीण जुन्नर तालुक्यात खोडद येथे आहे. पुण्यापासून उत्तरेला सुमारे ८० किलोमीटर. नाशिक रस्त्याने चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे टाकून नारायणगावला पोचावे आणि तेथून पूर्वेकडे वळावे. द्राक्षबागांच्या आणि टोमॅटोच्या शेतांच्या वर अचानक अवाढव्य जाळीदार थाळ्या दिसू लागतात. तीच ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी.

दुर्बीण ऐकते म्हणजे काय?

दुर्बिणीने पाहावयाचे असते, मग ही ऐकते कशी? प्रश्न रास्त आहे. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश आणि आकाशवाणीवरून येणाऱ्या रेडिओ लहरी ही एकाच कुटुंबातील भावंडे आहेत. फरक तरंगलांबीचा. प्रकाशाच्या लहरी अतिशय आखूड असतात, तर रेडिओच्या लहरी काही सेंटिमीटरपासून अनेक मीटरपर्यंत लांब असतात. आकाशातील वस्तू या लांब लहरीही पाठवितात, हे प्रथम लक्षात आले ते कार्ल जान्स्की या अमेरिकी अभियंत्याच्या. अटलांटिकपलीकडच्या दूरध्वनीत येणारी खरखर कोठून येते याचा तो शोध घेत होता. त्यातील एक खरखर चक्क आकाशगंगेच्या मध्याकडून येते, असे त्याने १९३३ साली जाहीर केले. तक्रारीच्या चौकशीतून एक नवे शास्त्र जन्माला आले!

या लहरींमध्ये एक फार महत्त्वाची लहर आहे. विश्वात सर्वांत विपुल द्रव्य म्हणजे हायड्रोजन. थंड हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो, असे भाकीत व्हान द हुल्स्ट या डच शास्त्रज्ञाने १९४४ साली केले आणि १९५१ साली ती लहर प्रत्यक्ष सापडली. तारे हायड्रोजनपासूनच बनतात. तेव्हा ही लहर जेथून येते तेथे ताऱ्यांचा कच्चा माल पडून आहे, असे समजावे.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपण ‘ऐकणे’ म्हणतो ते सोयीसाठी. या दुर्बिणीला आवाज ऐकू येत नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तेथे रात्रभर ढोलकी कडाडली तरी खोडदच्या थाळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र विजेच्या तारेवर एखादी ठिणगी उडाली तर ती त्यांना बाधते. ठिणगीतून रेडिओ लहरी निघतात, आणि त्या दूरच्या दीर्घिकेकडून आलेल्या लहरींपेक्षा कितीतरी जोरकस असतात. असे म्हणतात की, चंद्रावर एखादा मोबाईल फोन सुरू ठेवला तर तो पृथ्वीवरून आकाशातील ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक भासेल. यावरून खऱ्या ताऱ्यांचे संदेश किती क्षीण असतात याची कल्पना यावी.

तीस थाळ्यांची एक दुर्बीण

या दुर्बिणीचे जनक डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०). परदेशात काम करणाऱ्या चार तरुण भारतीय शास्त्रज्ञांनी १९६१ साली डॉ. होमी भाभा यांना पत्र लिहून भारतात रेडिओ खगोलशास्त्राचे काम सुरू करण्याची इच्छा दर्शविली. स्वरूप हे त्यांतील एक. ते १९६३ मध्ये परतले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या सहा फूट व्यासाच्या ३२ लहान थाळ्या १९६५ साली कल्याणला उभ्या राहिल्या. भारतातील या शास्त्राचे पहिले पाऊल असे महाराष्ट्राच्याच भूमीवर पडले.

दुसरे पाऊल उटीला. तेथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण १९७० साली पुरी झाली. दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर असला म्हणजे ती एकाच दिशेने फिरवून ताऱ्याचा पाठलाग करता येतो. त्यासाठी स्वरूप यांनी दक्षिणोत्तर उतरणारा असा डोंगर शोधला की, ज्याचा उतार त्या जागेच्या अक्षांशाइतकाच, म्हणजे सुमारे ११ अंश आहे. लाखो रुपयांच्या यंत्राचे काम डोंगराकडून करवून घेतले!

खोडदच्या दुर्बिणीतही हीच काटकसरी बुद्धी दिसते. येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत. एवढी थाळी भरीव पत्र्याची केली तर ती वाऱ्याने उलथेल, आणि ती पेलणारा सांगाडा करावयाचा तर पैसा पुरणार नाही. म्हणून थाळीच्या सांगाड्यावर पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक, न गंजणाऱ्या तारेची जाळी बसविली. जाळीची तार अवघी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड आहे. वारा आरपार जातो. रेडिओ लहर मात्र जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी लांब असल्यामुळे आरपार जाऊ शकत नाही, ती परावर्तित होते. ओढ्यात जाळे टाकले की पाणी वाहून जाते व मासा अडकतो, तसाच हा प्रकार.

तीस थाळ्यांपैकी चौदा सुमारे एक चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात दाटीने आहेत. उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन थाळ्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. प्रत्येक थाळीने ऐकलेले मध्यवर्ती ठिकाणी आणून दोन-दोन थाळ्यांच्या जोड्यांनी ताडून पाहतात. तीस थाळ्यांच्या ४३५ जोड्या होतात. या ताळमेळातून जे चित्र तयार होते ते २५ किलोमीटर व्यासाच्या एकाच दुर्बिणीने घेतल्याइतके रेखीव असते. भजनी मंडळात प्रत्येकाचा आवाज लहान असला तरी सूर जुळले म्हणजे गाव दुमदुमते, तसे हे आहे. २००२ पासून ही दुर्बीण जगातील सर्व शास्त्रज्ञांना खुली असून तीसहून अधिक देशांतील संशोधकांनी तिचा उपयोग केला आहे. अलीकडे तिचे ग्राहक व संगणक आमूलाग्र बदलून तिची शक्ती पुष्कळ वाढविण्यात आली.

अलीकडचे काही शोध

आता प्रत्यक्ष शोधांकडे वळू. सर्वच सांगणे शक्य नाही; निवडक चार सांगतो.

पहिला ताऱ्यांच्या सरपणाचा. फार पूर्वी, म्हणजे ८०० ते १,००० कोटी वर्षांपूर्वी, दीर्घिकांमध्ये आजच्यापेक्षा सुमारे दहापट वेगाने तारे जन्मत होते. पुढे हा वेग मंदावला. का? चूल विझते ती सरपण संपल्यावर. पण त्या काळच्या दीर्घिकांत हायड्रोजनचे सरपण किती होते, हे कोणी मोजू शकले नव्हते. कारण एकेका दीर्घिकेची लहर ऐकू येण्याइतकी मोठी नसते. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या दुर्बिणीने साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांच्या लहरी एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली. तेव्हा कोठे संदेश उमटला. हायड्रोजन विपुल होता, पण तारे बनण्याचा झपाटा एवढा होता की तो साठा एक-दोनशे कोटी वर्षांतच संपावा. बाहेरून नवा वायू पुरेसा मिळाला नाही, म्हणून ताऱ्यांचे जन्म कमी झाले असावेत. हे संशोधन २०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

दुसरा शोध त्याच लहरीचा. २०२३ च्या आरंभी अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी खोडदच्याच दुर्बिणीने एका एकट्या दूरस्थ दीर्घिकेची हायड्रोजन लहर पकडली. ती तेथून निघाली सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी. विश्वाचे वय तेव्हा ५०० कोटी वर्षांच्या आसपास होते, आपली पृथ्वी तर जन्मलीही नव्हती. वाटेत विश्व प्रसरण पावत गेले आणि त्याबरोबर लहरही ताणली गेली. निघताना २१ सेंटिमीटरची होती, पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची. एवढ्या लांबची लहर ऐकू आली कशी? मध्ये आलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले आणि संदेश सुमारे तीसपट मोठा करून दिला.

तिसरा शोध मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतो. आकाशात स्पंदक नावाचे मृत तारे आहेत. ते गरगर फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला रेडिओ लहरीचा एक ठोका आपल्याकडे येतो; इतक्या नियमाने की उत्तम घड्याळाने लाजावे. दोन प्रचंड कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरू लागली म्हणजे अवकाशातच तरंग उठतात. हे तरंग पृथ्वीवरून गेले की या ठोक्यांची वेळ किंचित मागेपुढे होते. एकेक तरंग पुरा होण्यास कित्येक वर्षे लागतात, त्यामुळे निरीक्षणही वर्षानुवर्षे करावे लागते. २९ जून २०२३ रोजी जगातील अनेक गटांनी एकाच वेळी अशा तरंगांचा पुरावा मिळाल्याचे जाहीर केले. युरोपच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींबरोबर खोडदच्या नोंदी त्यात होत्या. ताऱ्यांमधील विरळ वायूमुळे ठोक्यांना जो उशीर होतो तो लांब लहरींवर अधिक ठळक दिसतो, आणि लांब लहरी ऐकण्यात खोडदचा हातखंडा आहे. त्यामुळे तो उशीर नेमका मोजून वजा करता आला. शास्त्रज्ञांनी ‘पुरावा’ हाच शब्द वापरला. ‘सिद्ध झाले’ असे म्हटले नाही. आपल्या निबंधांत ‘निर्विवादपणे’ हा शब्द आपण किती सहज वापरतो, याची मला येथे आठवण झाली.

चौथी गोष्ट मंगळाची. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘श्यापारेल्ली’ हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा क्षीण संदेश कोट्यवधी किलोमीटरवरून थेट ऐकण्याची जबाबदारी खोडदवर होती. यान मंगळाच्या वातावरणात शिरले, हवाई छत्री उघडली, हे सारे जुन्नर तालुक्यात समजत होते. आणि उतरण्याच्या थोडे आधी संदेश थांबला. यान कोसळले होते. चौकशीत कळले की, यानाच्या यंत्राने दिलेल्या चुकीच्या मापामुळे आपण जमिनीवर पोचलो असे त्याच्या संगणकाला आधीच वाटले.

याखेरीज दोन नावांचा उल्लेख केला पाहिजे. २०१७ साली आयुका व पुण्यातील ‘आयसर’ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला दीर्घिकांचा एक महासमूह शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ नाव दिले. २०२५ साली राशी जैन व योगेश वाडदेकर यांना, विश्व अवघे १५० कोटी वर्षांचे असतानाची एक सुरेख सर्पिल दीर्घिका सापडली. निरीक्षणे जेम्स वेब या अवकाशातील दुर्बिणीची, पण अभ्यास गणेशखिंडीत झाला. एवढ्या बाल्यावस्थेत असे सुघड रूप घडावे, हे आजवरच्या समजुतींना कोड्यात टाकणारे आहे. तिचे नाव ‘अलकनंदा’.

शांततेची किंमत

मित्रहो, आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे सारे शोध ज्या भांडवलावर उभे आहेत ते भांडवल म्हणजे शांतता, रेडिओ लहरींची शांतता. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, ही दुर्बीण लोकांना पाहण्यासाठी खुली करतात. मी एका वर्षी गेलो होतो. शाळाशाळांची मुले आपापले प्रयोग मांडून बसली होती आणि आवारात मोबाईल बंद ठेवण्याविषयी वारंवार बजावले जात होते. आम्हांला ते एक दिवसापुरते होते. पण आसपासच्या गावांना शांततेचे हे बंधन बारमाही आहे. या परिसरात उद्योग काढावयाचा तर दुर्बिणीला त्याची बाधा होणार नाही ना, हे पाहिले जाते आणि संमती घ्यावी लागते.

खोडदची जागा निवडताना रेडिओचा गोंगाट कमी असणे ही प्रमुख कसोटी होती. त्याचबरोबर पुण्यासारख्या शहराच्या सोयीही जवळ हव्या होत्या. तेव्हा हे दोन्ही साधले. पण पुढे शहर वाढत वाढत नाशिक रस्त्याने वर सरकले, मोबाईलचे मनोरे उभे राहिले, आकाशातून उपग्रहांची वर्दळ वाढली. ऑस्ट्रेलियात नव्या जागतिक रेडिओ दुर्बिणीसाठी मर्चिसन नावाचा प्रदेश निवडला आहे. सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटरच्या त्या तालुक्यात शे-दीडशे माणसे राहतात. तेथे शांतता फुकट मिळते. आपल्याकडे ती माणसांकडून मागून घ्यावी लागते.

याचे ताजे उदाहरण म्हणजे पुणे–नाशिक रेल्वेमार्ग. मंचर, नारायणगाव, संगमनेर या भागांतून थेट रेल्वे जावी ही तेथील लोकांची फार जुनी मागणी. परंतु विजेवरील रेल्वेच्या तारांतून उडणाऱ्या ठिणग्या आणि तिची बिनतारी यंत्रणा दुर्बिणीला बाधक ठरेल, असा आक्षेप आला. जीएमआरटीमुळे नारायणगावकडून मार्ग नेता येत नाही, अशी भूमिका केंद्र सरकारने २०२५ साली घेतली आणि शिर्डीकडून जाणारा मार्ग पुढे आला. नारायणगाव परिसरात त्याविरुद्ध नाराजी उमटली. ज्याचा टोमॅटो बाजारात वेळेवर पोचावयाचा आहे त्याला ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचे महत्त्व कोणी, कसे पटवून द्यावे?

दुर्बीण हलवा म्हणणे सोपे आहे, आणि लोकांना अडाणी म्हणणे त्याहून सोपे आहे. मला दोन्ही मान्य नाही. या दुर्बिणीसारखी दुर्बीण आज उचलून दुसरीकडे नेता येत नाही. गेली की गेली. पण तिची किंमत सगळ्या देशाने द्यावयाची असताना एका तालुक्याच्या माथी ती मारणेही न्यायाचे नाही. तेथील शांततेचा मोबदला तेथील मुलांना चांगल्या शाळेच्या, चांगल्या रस्त्याच्या, पर्यायी वाहतुकीच्या रूपाने मिळाला पाहिजे. आणि त्याहीपेक्षा आधी, आपण काय राखतो आहोत हे त्यांना त्यांच्या भाषेत समजले पाहिजे. उद्या हाच प्रश्न हिंगोली जिल्ह्यात उद्भवेल. तेथे औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रयोगशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. तिला जमिनीची शांतता लागते. जवळून जाणाऱ्या जड वाहनाचा हादराही तिला चालणार नाही.

आपल्या वाट्याचे काम

आणि येथेच कलाशाखेचा संबंध येतो. दुर्बीण कशी चालते हा भौतिकीचा प्रश्न खरा. पण शांततेचा बोजा कोणी उचलावा हा अर्थशास्त्राचा, राज्यशास्त्राचा आणि नीतीचा प्रश्न आहे, आणि ती समजूत पटविणे हे भाषेचे काम आहे. डॉ. नारळीकरांनी हे ओळखले होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले ते नावावर नव्हे, गुणांवर. पुढे ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी त्यांना २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी मराठीत घातलेली ही वाट आता पुढे कोण चालवणार?

आपल्या वर्गांतील कितीतरी मुले-मुली जुन्नर, आंबेगाव, खेड तालुक्यांतून शिकण्यासाठी आली आहेत. सुटीत घरी जाताना एसटीच्या खिडकीतून त्यांना त्या थाळ्या दिसत असतील. घरच्यांनी विचारले की, या थाळ्या काय करतात, तर त्याचे साधे, खरे उत्तर देता यावे, एवढी तयारी आपण प्रत्येकाने ठेवली तरी पुष्कळ झाले. सर्व थाळ्या एकाच वेळी एकाच दिशेने वळतात, तेव्हा त्या आपल्या गावाच्या वतीने काहीतरी ऐकत असतात, हे तिथल्या माणसाला ठाऊक असले पाहिजे. त्याने राखलेल्या शांततेत ते ऐकू येते, हेही.